काही नाही, बाई

पावसाळी हवा पडली की माझा उजवा गुडघा ठणकू लागतो आणि पंधराव्या वर्षीचा एक सामना आठवतो. विभागीय खो-खो स्पर्धा होती. आदल्या दिवशी सरावात खांबाला वळसा घालताना माझा पाय मुरमात रुतला, अंग वळले आणि गुडघा होता तिथेच राहिला. आत काहीतरी कट्कन वाजले, ते मला एकटीलाच ऐकू आले. रात्रीत गुडघा नारळाएवढा सुजला. सकाळी प्रशिक्षकांनी विचारले, “काय झालंय?” मी म्हणाले, “काही नाही.” त्यांनी पट्टी आवळून बांधली आणि सगळ्या संघासमोर म्हणाले, “हिच्यासारखी सोशीक पोरगी मी आजवर पाहिली नाही.” मी मैदानात उतरले आणि आम्ही तो सामना जिंकलो. त्यानंतर मात्र मी कधीच पूर्वीसारखी पळू शकले नाही. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) त्याच दिवशी तुटला होता, हे नऊ वर्षांनी एमआरआय केल्यावर कळले. दुखण्याची आठवण आता पुसट झाली आहे, पण त्या शाबासकीने मला किती अभिमान वाटला होता, ते मात्र जसेच्या तसे लक्षात आहे.

सोशीक हा आपल्याकडे मुलीला द्यायचा सर्वांत मोठा दागिना आहे. घरात सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणारी, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी, ताप अंगावर काढून खुरपायला जाणारी बाई सोशीक असते, आणि तिचीच मुलगी मैदानावर येते. मैदानावर तरी तिला वेगळे काही शिकायला मिळावे, तर तिथेही तिचे कौतुक होते ते सोसण्याचेच. ज्या प्रशिक्षकांनी माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली ते दुष्ट नव्हते. त्यांनी आम्हाला पदरमोड करून चप्पल-बूट घेऊन दिले, आमच्या घरी जाऊन वडिलांची समजूत घातली. पण दुखणे सांगणारा खेळाडू कच्चा, हेच ते शिकले होते आणि तेच त्यांनी आम्हाला शिकवले.

आज मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. सकाळी पावणेसहाला आमच्या मैदानावर मुले-मुली जमतात. मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाची जागा. दर जूनमध्ये आम्ही रांगेने बसून तिच्यातले खडे वेचतो. हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. इथल्या माणसाच्या अंगी चिवटपणा येतो तो काही हौसेने नव्हे. याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर खो-खोकडून धावण्याकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत, राष्ट्रीय विक्रमासह पार करून अंतिम फेरीत पोहोचल्या आणि तिथे दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी एका भारतीय स्त्रीने धावण्याच्या शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठली होती. आमच्या पोरींच्या तोंडी त्या ‘ललिताताई’ असतात आणि ते योग्यच आहे. मात्र ही कथा सांगणारे पुष्कळदा तिचा आसूड करतात. त्या अनवाणी पळाल्या, उपाशी पळाल्या, मग तुला काय झाले, असे नववीतल्या पोरीला विचारले जाते. एक मुलगी सगळे सोसून शिखरावर पोहोचली, ते तिच्यातल्या असामान्य ताकदीमुळे. सोसण्यामुळे माणूस शिखरावर पोहोचतो, असा अर्थ त्यातून काढला, तर वाटेत कायमच्या जायबंदी झालेल्या शेकडो मुली दिसेनाशा होतात. त्यांच्या नावाची कमान गावाच्या वेशीवर कुणी उभारत नाही.

‘सजग खेळ’ हा शब्द अलीकडे शिबिरांमधून आणि परिपत्रकांमधून कानावर पडू लागला आहे. मी त्याचा माझ्यापुरता अर्थ अगदी साधा लावला आहे. मुलीला आपल्या अंगात काय चालले आहे ते कळावे, कळलेले सांगता यावे, आणि सांगितलेले ऐकणारे कुणीतरी मैदानावर असावे. यासाठी मी सुरुवात केली ती दोनशे पानी वहीपासून. सरावाआधी प्रत्येकीने आपल्या नावापुढे लिहायचे: रात्री झोप किती झाली, सकाळी काय खाल्ले, कुठे दुखते. पहिले चार महिने शेवटच्या रकान्यात एकच उत्तर येत होते. ‘काही नाही.’ चौतीस मुलींची चौतीस वळणे, आणि शब्द तेच. घरी पाहुण्यांनी विचारल्यावर जे उत्तर द्यायचे असते, तेच त्या मलाही देत होत्या. मग मी वहीत सर्वांत वर स्वतःचे नाव लिहू लागले. ‘झोप पाच तास. चहा. उजवा गुडघा.’ बाईंचाही गुडघा दुखतो, याचे त्यांना फार नवल वाटले. दुसऱ्या आठवड्यात एका बारीक अक्षराने लिहिले, ‘पळताना डोळ्यांपुढे अंधारी येते.’

ही मुलगी वर्षभर आळशी म्हणून ओळखली जात होती. दोन फेऱ्या झाल्या की कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मीही तिला दोनचारदा रागावले होते. आरोग्य केंद्रात तपासले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयाच्या मुलीत ते १२ च्या खाली गेले तरी त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्तातून ऑक्सिजनच पुरेसा पोहोचत नसेल, तर पाय कुठून उचलणार? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे कोणत्याही गावातल्या कोणत्याही मैदानावर दहा मुली उभ्या केल्या, तर त्यांतल्या पाचसहा जणी अर्ध्या रक्तावर पळत असण्याची शक्यता आहे आणि आपण शिट्टी वाजवून त्यांना ‘जोर लाव’ म्हणत असतो.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. योजना चांगली आहे, पण रिकाम्या पोटी त्या गोळीने मळमळते. मुली ती जिभेखाली धरून ठेवतात आणि बाहेर गेल्यावर टाकून देतात. जेवणानंतर आणि शक्यतो लिंबाच्या फोडीबरोबर गोळी दिली तर ती पोटात टिकते. जेवणावरचा चहा मात्र बंद करायला लावावा लागतो. आमच्याकडे हे जमले ते सहावी ते आठवीच्या मुलींपुरते, कारण शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. मुलगी नववीत जाते, तिची उंची झपाट्याने वाढत असते, पाळी सुरू झालेली असते, सराव वाढलेला असतो आणि नेमके त्याच जूनमध्ये तिच्या पुढचे ताट काढून घेतले जाते. मला याचे फार वाईट वाटते. गावातल्या दोन बचत गटांनी आता सरावानंतर मूठभर भिजवलेली मटकी, शेंगदाणे आणि गूळ द्यायला सुरुवात केली आहे. मैदानाच्या कडेला ठेवलेले ते ॲल्युमिनियमचे पातेले हाच आमच्या उपक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मला मनापासून वाटते.

दुखण्याचेही तसेच आहे. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाशी कूर्चेची मऊ पट्टी असते आणि पोटरीचा ताठरलेला स्नायू टाचशिरेतून तिला सतत ओढत असतो. कठीण मुरमावर, पातळ तळव्याच्या बुटांनी रोज पळणाऱ्या दहाबारा वर्षांच्या मुलांची टाच त्यामुळे ठणकते आणि ती सकाळी पाय तिरका टाकत चालतात. गुडघ्याच्या वाटीखाली येणारे दुखरे टेंगूळही याच जातीचे. पळणे काही दिवस कमी केले, पोटऱ्या ताणून मोकळ्या केल्या, बुटात मऊ टाच घातली, तर बहुतेक मुले बरी होतात. यात डॉक्टरकीपेक्षा लक्ष देणाऱ्या डोळ्यांची गरज जास्त असते. क्रीडावैद्यकातले जाणकार एक सोपा हिशेब सांगतात: मूल जितक्या वर्षांचे, त्याहून जास्त तास एका आठवड्यात त्याला ठरीव सराव देऊ नये. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तास पुष्कळ झाले. स्पर्धा जवळ आली की गावोगाव सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास मैदान चालते, सुट्टीचा वार नसतो, आणि त्याला आपण मेहनत म्हणतो.

माझ्या गुडघ्यासारखी दुखापत तर मुलींच्या वाट्याला मुलांपेक्षा अधिक येते. वळणे, थबकणे आणि उडी मारून उतरणे असलेल्या खेळांत वयात येणाऱ्या मुलींचा हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांहून कितीतरी जास्त असतो, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. ‘फिफा ११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा सराव आहे. त्यात हळू पळणे, एका पायावर तोल धरणे, बैठका, उडी मारून गुडघे आत न झुकवता उतरणे असे प्रकार येतात आणि त्याला फारसे साधन लागत नाही. नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तो फुटबॉलसाठी बनवलेला असला तरी आम्ही खो-खोच्या आधी करतो. मी पंधरा वर्षांची असताना आम्ही मैदानाला तीन फेऱ्या मारायचो आणि थेट खेळायला लागायचो. जमिनीवर कसे उतरावे हे मला कुणी शिकवले नव्हते, कारण ते शिकवण्यासारखे काही आहे हेच कुणाला माहीत नव्हते.

आणि मग श्वास. सजगता म्हटले की लोकांना वाटते हे काहीतरी शहरातले, गाद्या अंथरून आणि मंद दिवे लावून करायचे. आपले खेळ तर श्वासावरच उभे आहेत. हुतूतूचा सगळा जीव त्या एका दमात असतो. दम सुटला की गडी बाद, मग तो कितीही दांडगा असो. माझे आजोबा आटपाडीचे, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले होते आणि त्या शाळेत शिकलेले आजोबा ऐंशीव्या वर्षीही अंगणात सतरंजी टाकून नमस्कार घालायचे. मी शेजारी उभी राहून भराभर संख्या वाढवू लागले की ते म्हणायचे, “आकडा नगं बघू, वारा कुठनं आत जातोय ते बघ.” राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्याने शाळांमध्ये आणलेला मित्र उपक्रमही हेच सांगतो. डोळे मिटून दहा मिनिटे बसायचे आणि नाकपुड्यांशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास नुसता पाहायचा. त्याला लांबवायचे नाही, रोखायचे नाही. श्वास पाहण्याची ही रीत, आनापान, शिकून आले तेव्हा मला आजोबांचा वारा आठवला.

हे मैदानावर नेमके कुठे उपयोगी पडते, ते खो-खोतल्या बसलेल्या मुलीकडे पाहिले की कळते. आठ जणी चौकोनात बसलेल्या असतात, एकीआड एक विरुद्ध तोंडे करून. पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही. पायाचा चवडा टेकलेला, एक गुडघा छातीशी, बोटे जमिनीवर, कान मागे. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचे नाही, आणि ऐकू आल्यावर क्षणभरही बसायचे नाही. नवखी मुलगी या जागेत अवघडते, तिचे लक्ष प्रेक्षकांत बसलेल्या चुलत्याकडे जाते, मागच्या चुकीकडे जाते आणि ती आधीच उठून फाउल करते. आमच्यातल्या एका सातवीतल्या मुलीने मला सांगितले, “बाई, बसल्यावर मी नाकातला वारा बघते. मग खो लांबूनच ऐकू येतो.” मी कितीही समजावले असते तरी मला हे इतक्या थोड्या शब्दांत सांगता आले नसते.

पाळीचा विषय आम्ही वहीत वेगळा रकाना करून आणला नाही, कारण वही चारचौघांत उघडी पडते. त्याऐवजी नावापुढे एक छोटा टिंब द्यायचा असे मुलींनीच ठरवले. टिंब दिसला की त्या दिवशी काय करायचे हे ती मुलगी ठरवते. कुणी पळते, कुणी वेळ नोंदवायचे घड्याळ धरून बसते. तिला कुणी कारण विचारत नाही. मैदानाजवळचे स्वच्छतागृह आणि त्यात पाणी, एवढी एक गोष्ट नसल्यामुळे किती मुलींचा खेळ सातवी-आठवीत सुटतो, याची मोजदाद कुणी करत नाही. आमच्याकडे दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी बसवली आणि त्याच वर्षी मैदानावरच्या मुलींची संख्या एकोणीसवरून चौतीसवर गेली.

मुलगेही ‘काही नाही’च म्हणतात, मात्र त्यांची कारणे निराळी असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे भरती असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर पळावे लागते आणि त्या काही मिनिटांवर सबंध घराची आशा लागलेली असते. पहाटे चार वाजता डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी ही पोरे पाहिली की माझे काळीज हलते. नडगीची हाडे दुखून दुखून त्यांना तडे जातात, तरी ती थांबत नाहीत. यांना थांब म्हणण्याचा अधिकार मला कुठून येणार, हा प्रश्न मला पडतो. अशा वेळी मला जुन्या तालमीतला वस्ताद आठवतो. आखाड्यात मेहनत कमी नव्हती, पण चांगला वस्ताद पठ्ठ्याचा खुराक पाहायचा, झोप पाहायची, पोट साफ आहे का विचारायचा, चेहरा उतरलेला दिसला तर त्या दिवशी जोड द्यायचा नाही आणि मेहनत झाल्यावर पठ्ठ्यांना एकमेकांचे अंग रगडायला लावायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले, ते याच मातीतून. भरतीच्या पोरांना मी एवढेच सांगू शकले की आठवड्यातले दोन दिवस डांबर सोडून माळावरच्या पायवाटेने पळा आणि एक दिवस अजिबात पळू नका. काहींनी ऐकले.

दिवाळीनंतर मैदान निम्मे रिकामे होते. कुणी आईबापांबरोबर मेंढरांमागे जाते, कुणी ऊसतोडीला, कुणाचे घर गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, कामासाठी परमुलखात हलते. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा माणदेशी चॅम्पियन्स हा उपक्रम चालतो. गावाकडच्या मुलांना आपल्याच भागात नीट प्रशिक्षण मिळावे ही त्यामागची तळमळ मला जवळची वाटते, पण एकेका गावाची ही गळती तेवढ्याने थांबत नाही. गेलेल्या मुलींच्या नावापुढची पाने आम्ही वहीत कोरी ठेवतो आणि त्या परत आल्या की तिथूनच पुढे लिहू लागतात.

गेल्या सप्टेंबरमध्ये तालुक्याचा अंतिम सामना होता. शेवटच्या डावात आमचे संरक्षण चालू होते आणि आमची सर्वांत भरवशाची मुलगी, जी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, पळू लागली की प्रतिस्पर्ध्यांना तीन-तीन मिनिटे हाती लागत नाही, ती दुसऱ्या तुकडीत आत जाणार होती. पहिली तुकडी पळत असताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, मघाशी सूर मारताना गुडघा आत वळला. दुखतोय. मी नाही जात.” तिच्या चेहऱ्यावर भीती होती. गुडघ्यापेक्षा मी काय म्हणेन याची ती भीती असावी. कडेला उभा असलेला कुणीतरी गावकरी ओरडला, “अगं पळ की, दोन मिनटांचा तर खेळ हाय!” मी तिला खाली बसवले, पाण्यात भिजवलेला टॉवेल तिच्या गुडघ्याला गुंडाळला आणि राखीव मुलीला आत पाठवले. ती मुलगी चाळीस सेकंदांत बाद झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या टेम्पोत कुणी कुणाशी बोलले नाही. पाठीमागे दोघी रडत होत्या, एक जण जाणूनबुजून गुडघा दुखावलेल्या मुलीकडे पाठ करून बसली होती आणि ती स्वतः गुडघ्यावरचा टॉवेल पुन्हा पुन्हा नीट करत होती. मला त्या रात्री झोप आली नाही. आपण पोरींचे वर्ष वाया घालवले की काय, हा विचार मला सोडत नव्हता.

सकाळी नेहमीप्रमाणे वही फिरली. तिच्या नावापुढे ‘सूज आहे, कमी आहे’ असे होते. पाठ करून बसलेल्या मुलीच्या पानावर मी थबकले. ही आमची सर्वांत जोरदार पाठलाग करणारी, सर्वांत लवकर मैदानावर येणारी मुलगी. दीड वर्षे तिने शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ याखेरीज एक शब्द लिहिला नव्हता. तिथे आज तीन वाक्ये होती. ‘काल तिला बसवले याचा राग आला. आता नाही. माझी डावी टाच दुखते, जूनपासून.’